खोडलेली नोंद : खानदेशच्या आकाशातली जुनी विमानं



आजचा विषय जाहीर झाल्यावर एकाने विचारलं, "सर, तुम्ही जन्मभर प्रमाणशास्त्र शिकवलं. विमानांवर तुम्ही काय बोलणार?" त्यावर आमचं उत्तर असं, की प्रमाणशास्त्राचा पहिला धडा आम्ही कॉलेजात शिकलो नाही. तो नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर, आकाशाकडे माना वर करून शिकलो. त्या धड्यात आमच्या हातून एक चूक झाली होती, आणि ती चूक आहे हे कळायला आम्हाला चाळीसहून अधिक वर्षं लागली. आज त्या चुकीचा इतिहास सांगायचा आहे. जुन्या विमानांच्या गमती ओघाने येतीलच.

आता 'आम्ही' म्हणजे कोण? साठच्या दशकात शाळेत जाणारी आम्ही तीन मुलं. एकाच गल्लीतली, एकाच वर्गातली. आमच्याकडे एक शंभर पानी वही होती, एक जुनी दुर्बीण होती, आणि पुढे एक कॅमेरा आला. आकाशातून विमान गेलं की त्याची नोंद वहीत करायची, एवढाच उद्योग. इंग्रजांच्या देशात या छंदाला मोठा मान आहे, त्याची मंडळं आहेत, मासिकं आहेत, हे तेव्हा आम्हाला कुठून ठाऊक असणार! घरचे म्हणायचे, पोरांना दुसरं काम नाही.

नंदुरबारला विमानं कुठली, असं तुम्हाला वाटेल. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. प्रवासी विमान तिथे आजही उतरत नाही. पण एक गंमत करून बघा. भारताचा नकाशा घ्या, मुंबईवर पट्टीचं एक टोक ठेवा, दिल्लीवर दुसरं, आणि रेघ ओढा. ती रेघ नवापूर-अक्कलकुव्याच्या जवळून जाते. तापी ओलांडते, सातपुड्यावर चढते, नर्मदा ओलांडते. विमानं काही पट्टीने आखल्यासारखी जात नाहीत, हे खरं. पण देशातल्या दोन मोठ्या शहरांमधली हवाई वाट आमच्या पश्चिमेच्या अंगाने जात होती. ज्या अक्राणीच्या पाड्यांपर्यंत धड गाडीरस्ता नव्हता, त्यांच्या डोक्यावरून देशातली सर्वांत वेगवान वाहनं रोज जात होती.

ही वाट तशी जुनी. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणलं, ते 'पस मॉथ' नावाच्या छोट्या एक इंजिनी विमानातून. हे आपण सगळे वाचून आहोत. त्यामानाने कमी बोललं जातं ते १९३७ बद्दल. त्या वर्षी टाटांनी मुंबई-दिल्ली हवाई सेवा सुरू केली, ती इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे थांबे घेत. आता मुंबई ते इंदूर रेघ ओढा. ती शहादा आणि शिरपूर यांच्या मधल्या पट्ट्यावरून जाते. म्हणजे त्या काळच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने कापूस वेचता वेचता वर पाहिलं असेल, तर भारतीय नागरी विमान वाहतुकीचं बालपण त्याने डोळ्यांनी पाहिलं. कुठल्याही वहीत त्याची नोंद नाही.

पुढे १९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. नव्या इंडियन एअरलाइन्सच्या वाट्याला जी विमानं आली, त्यांत तब्बल ७४ डकोटा होती. युद्धात सैनिक आणि सामान वाहून नेण्यासाठी अमेरिकेने ही विमानं हजारोंनी बनवली. युद्ध संपलं, ती स्वस्तात विकली गेली, आणि आपली नागरी विमान वाहतूक त्यांच्यावर उभी राहिली. १९५७ मध्ये व्हायकाउंट आलं, १९६१ मध्ये फोकर फ्रेंडशिप, १९६४ मध्ये कॅराव्हेल हे जेट. आमच्या वहीचं पहिलं पान १९६४ चं आहे.

विमान ओळखायचं कसं, हे आम्हाला शिकवलं ते गावातल्या एका काकांनी. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात फिटर होते. त्यांच्या पेटीत कार्डांचा एक गठ्ठा होता. प्रत्येक कार्डावर विमानाची काळी छाया, खालून, बाजूने आणि समोरून. युद्धात इंग्लंडमध्ये हजारो सामान्य माणसं, दुकानदार, शिक्षक, कारकून, छतांवर आणि टेकड्यांवर उभी राहून येणारं विमान आपलं की शत्रूचं ते सांगत. त्यांना शिकवण्यासाठी अशी कार्डं छापली जात. १९४१ च्या जानेवारीत तर विमान ओळखणाऱ्यांसाठी लंडनहून एक स्वतंत्र पत्रच निघू लागलं. म्हणजे आज जो निवांत छंद वाटतो, त्याचं मूळ बॉम्बच्या भीतीत आहे.

काकांची पद्धत ठरलेली. आधी पंख बघा, मग इंजिनं मोजा, मग धड, शेवटी शेपूट. पंख वर लावलेत की खाली? फोकर आणि ॲव्हरो या दोघांची इंजिनं एकाच जातीची, आवाजही सारखाच शिट्टीसारखा. पण फोकरचे पंख पाठीवर, ॲव्हरोचे पोटाशी. झालं, ओळख पटली. डकोटाच्या पंखाची पुढची कड मागे झुकलेली, मागची जवळपास सरळ, आणि आवाज खर्जातला, दळण चालल्यासारखा. व्हायकाउंटची चार इंजिनं. कॅराव्हेलच्या पंखांना इंजिनच नाही, दोन्ही मागे शेपटाजवळ चिकटवलेली. ती उंचावरून जाताना आधी विमान दिसायचं आणि आवाज मागून यायचा. आमच्यापैकी एकाची आजी म्हणायची, "ते देख, इमान चालनं, आवाज मांगे राही गया." ध्वनीचा वेग आम्हाला पुस्तकाआधी आजीने शिकवला.

कधी हिवाळ्यात त्या विमानांमागे पांढरी रेघ उठायची. गावात कोणी म्हणे धूर आहे, कोणी म्हणे औषध फवारतात. काकांनी समजावलं, की थंडीत आपल्या तोंडातून वाफ निघते तसंच हे. इंजिनातून बाहेर पडणारी वाफ अतिथंड हवेत गोठते आणि तिचे बर्फाचे कण होतात. हवेत ओलावा असेल तर रेघ टिकते, कोरडी असेल तर लगेच विरते. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला गेलो, तेव्हा पहाटे शिखराजवळून अशी एक रेघ आम्ही पाहिली. खाली दऱ्यांमध्ये अजून अंधार होता आणि वर रेघेवर ऊन पडलं होतं. बरोबरचे यात्रेकरू अश्वत्थाम्याच्या जखमेसाठी तेल घेऊन चालले होते. आम्ही तिघं मात्र इंजिनं किती, यावर भांडत होतो.

कॅमेऱ्याचं सांगतो. आमच्यातल्या एकाच्या मामांनी ॲग्फाचा क्लिक थ्री दिला. साधा कॅमेरा, भिंग बदलत नाही. एका रोलमध्ये बारा फोटो. तो रोल पुरवून पुरवून वापरायचा, कारण धुण्याचे आणि छापण्याचे पैसे वेगळे. आता हिशेब बघा. डकोटाच्या पंखांची लांबी २९ मीटर. ते एक किलोमीटरवर असेल, तर क्लिक थ्रीच्या फिल्मवर त्याची प्रतिमा उमटते जेमतेम दोन मिलिमीटर. दहा किलोमीटर उंचीवरचं जेट म्हणजे टाचणीचं टोक. स्टुडिओवाल्याने पहिला रोल धुऊन दिला तेव्हा तो म्हणाला, "पोरांनो, आकाशाचे फोटो कशाला काढता? रोलवर कचरा आलाय." तो कचरा म्हणजे आमची विमानं!

म्हणून चांगले फोटो हवे असतील तर विमानतळावर जायला हवं, असं ठरलं. पुढे आम्हांपैकी दोघं शिकायला मुंबईला आलो. सुटीच्या दिवशी जुहूच्या वाळूत बसायचं. सांताक्रूझहून उडालेली विमानं समुद्राकडे डोक्यावरून जात. पहिल्यांदाच विमानाच्या पोटावरचे रिव्हेट दिसले. एकदा एका विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून आम्ही एका थकलेल्या डकोटाचे सहा-सात फोटो काढले. गणवेशातल्या एका गृहस्थाने कॅमेरा मागितला, मागचं झाकण उघडलं, आणि अख्खी फिल्म उन्हात ओढून बाहेर काढली. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. "घरी जा," एवढंच म्हणाले. १९३७ च्या विमान नियमांतला तेरावा नियम विमानतळावर परवानगीशिवाय छायाचित्रं घ्यायला मनाई करतो, हे आम्ही नंतर वाचलं. दोन युद्धं नुकतीच होऊन गेलेल्या देशात त्या गृहस्थांना आमच्याबद्दल शंका आली, यात नवल नाही. पण त्या पिढीच्या हजारो लोकांकडे भारतातल्या जुन्या विमानांची छायाचित्रं का नाहीत, त्याचं एक कारण हेही आहे. आमच्याकडे उरली ती वही. आणि वहीबद्दलच आज खरं बोलायचं आहे.

पण आधी एक प्रश्न. ओळखणं म्हणजे काय? आपल्या दर्शनांत याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. 'तोच हा देवदत्त' हे तिचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. समोर जो दिसतो तो 'हा', पूर्वी पाहिला तो 'तो', आणि दोघांना जोडणारा 'च'. त्या 'च'मध्ये सगळी मेख आहे. पाहणं डोळ्यांचं काम. ओळखताना मात्र डोळ्यांबरोबर स्मृती येते, आणि स्मृतीबरोबर आपण आधी काय शिकलो तेही येतं.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर दोन घटना सांगतो. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ हे मोठं जेट सांताक्रूझऐवजी शेजारच्या जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि पुढे जाऊन घसरलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही, पण विमान कायमचं निकामी झालं. त्याआधी १९५३ च्या जुलैत ब्रिटिशांचं कॉमेट जेटही असंच चुकून जुहूला उतरलं होतं. अनुभवी वैमानिक, स्वच्छ डोळे, खाली धावपट्टी दिसते आहे. 'तीच ही' असं वाटलं, आणि ती ती नव्हती.

दुसरी घटना दुःखाची. १९ सप्टेंबर १९६५. युद्ध चालू होतं. गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता कच्छच्या सीमेकडे छोट्या नागरी विमानातून चालले होते. पाकिस्तानी लढाऊ विमानाने ते पाडलं. मेहतांसह आठही जण गेले. विमान चालवत होते जहांगीर इंजिनिअर, हवाई दलातले जुने वैमानिक. सेहेचाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, त्या पाकिस्तानी वैमानिकाने, कैस हुसैन यांनी, इंजिनिअर यांच्या मुलीला पत्र लिहून शोक व्यक्त केला. विमान नागरी आहे हे आपण ओळखलं होतं, तसं खाली कळवलंही होतं, तरी हुकूम आला, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ओळख बरोबर होती. ती मान्य करणारं कोणी नव्हतं. १९६५ ला आम्ही तेरा वर्षांचे होतो. बातमी ऐकून आम्ही वहीत काळी चौकट काढली, एवढंच आठवतं.

आता वहीकडे येऊ.

नंदुरबारला हिवाळ्यात आलात तर गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या दिसतील. मैदानंच्या मैदानं लाल. तिथे ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, पण आकाश मात्र चारी बाजूंनी उघडं. म्हणून आमचा मुक्काम तिथे. पथारीवर सातपुड्याच्या पायथ्याहून मजुरीला आलेली कुटुंबं झोपड्या करून राहत. त्यातला एक मुलगा आमच्या वयाचा, पावरा समाजातला, शहादा तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावाचा. मिरची उलटून झाली की आमच्याजवळ येऊन बसायचा. आमच्याआधी त्याला विमान दिसायचं. आम्ही दुर्बीण शोधेपर्यंत तो बोट दाखवून मोकळा. तो शाळेत जात नव्हता. काकांकडे कार्डं बघायला आम्ही त्याला कधी नेलं नाही. का नेलं नाही, याचं उत्तर तेव्हा आम्ही स्वतःला विचारलंही नव्हतं.

१९६६ च्या डिसेंबरात तो काही दिवस गावी जाऊन आला आणि म्हणाला, डोंगराच्या कडेने एक विमान आडवं गेलं. खूप खालून. जाडं. चार पंखे. आणि मागे शेपटीला दोन्ही टोकांना दोन पाट्या उभ्या. मध्ये काही नाही.

आम्ही नोंद केली : 'चार इंजिनं, दोन शेपट्या, शहाद्याच्या पूर्वेला.' मग काकांकडे गेलो. काकांनी कार्ड काढलं. अशी शेपूट लिबरेटर नावाच्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानाची. पण काका हसले. म्हणाले, "लिबरेटर? अरे, युद्ध संपल्यावर कानपूरला ती सगळी मोडून टाकली. इंजिनात वाळू घातली, यंत्रं हातोड्याने फोडली. आता भारतात लिबरेटर कुठलं? त्याने कॉन्स्टेलेशन पाहिलं असेल. त्याला तीन शेपट्या असतात. एक मोजायची राहिली असेल."

आम्हाला पटलं. काका युद्धात होते. आमच्याकडे कार्डं होती. त्याच्याकडे काय होतं? डोळे. आम्ही निळ्या पेन्सिलने नोंद खोडली आणि समासात लिहिलं, 'मोजण्यात चूक'. वर आणखी काही दिवस त्याला 'दोन शेपट्या' म्हणून चिडवलंही. त्यानंतर तो आमच्याजवळ कमी बसू लागला. पुढच्या हिवाळ्यात त्याचं कुटुंब दुसऱ्या पथारीवर गेलं.

चाळीसेक वर्षं गेली. निवृत्तीच्या सुमारास एका पुस्तकात भारतीय हवाई दलाचा इतिहास चाळत होतो, आणि हात थांबला. काकांनी सांगितलेलं अर्धं खरं होतं. युद्धानंतर कानपूरच्या चकेरीला लिबरेटर विमानांचा ढीग पडला होता, आणि ती पुन्हा उडू नयेत अशी मोडतोड केलेली होती, हेही खरं. अमेरिकेशी झालेल्या करारानुसार ती इथे वापरात ठेवायची नव्हती. पण १९४८ मध्ये स्वतंत्र भारताला बॉम्बफेकी विमानं हवी होती आणि घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून, एकाचा पंख दुसऱ्याला, दुसऱ्याचं इंजिन तिसऱ्याला असं करत, चाळीसच्या आसपास विमानं उडण्याजोगी केली. वैमानिक जमशेद मुन्शी ती एकेक करून कानपूरहून बंगळुरूला उडवत घेऊन गेले. तिथे नीट दुरुस्ती झाली. त्यांच्यातून पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली, पुढे सहावी. आणि सहाव्या स्क्वाड्रनने ही विमानं पुण्याच्या लोहगावहून १९६८ च्या अखेरीपर्यंत उडवली. जगात इतरत्र लिबरेटर संग्रहालयातही दुर्मिळ झालं असताना आपल्याकडे ते नोकरीत होतं. इतकं, की लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये आज जे लिबरेटर उभं आहे, तेही भारतीय हवाई दलातून गेलेलं.

पुण्याहून दिल्लीला पट्टी ठेवा. रेघ शिरपूरजवळून जाते. शहादा तालुक्याच्या पूर्वेकडच्या डोंगरापासून काही मैलांवरून.

इथे आम्हाला घाई करायची नाही. त्याने लिबरेटरच पाहिलं, हे आज सिद्ध करता येत नाही. त्याच सहाव्या स्क्वाड्रनकडे एअर इंडियाकडून आलेली तीन शेपट्यांची सुपर कॉन्स्टेलेशनही होती. तेव्हा काकांची शंका अगदीच निराधार नव्हती. पण प्रश्न तो नाहीच. प्रश्न असा, की आम्ही नोंद खोडली कशाच्या बळावर? 'असं विमान नाही' या ऐकीव ज्ञानाच्या बळावर. आणि त्या ऐकीव ज्ञानाला आम्ही प्रत्यक्षाहून मोठं मानलं, कारण ते सांगणारा आमच्यातला होता, आणि पाहणारा आमच्यातला नव्हता.

आम्ही तीस वर्षं वर्गात न्यायदर्शन शिकवलं. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचा उपदेश. आप्त कोण? ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. न्यायसूत्रांवर भाष्य करताना वात्स्यायन इथे एक गोष्ट जोडतात, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांहून जुनं हे म्हणणं आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहिलं. मुलांना उदाहरण म्हणून वाटाड्या सांगितला, वैद्य सांगितला. पथारीवरचा तो मुलगा आम्हाला एकदाही आठवला नाही.

आता एक पोटप्रश्न, जुन्या विमानांवर प्रेम करणाऱ्यांसाठी. २०१८ मध्ये आपल्या हवाई दलात एक डकोटा समारंभाने दाखल झालं. नाव परशुराम, क्रमांक व्हीपी ९०५. इंग्लंडमध्ये नीट करून ते उडत भारतात आलं. खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते हवाई दलाला भेट दिलं, त्यांचे वडील डकोटाचे वैमानिक होते. हा क्रमांक का? २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला शीख रेजिमेंटचे पहिले जवान उतरवणाऱ्या डकोटाचा तो क्रमांक होता. पण हे विमान ते नव्हे. क्रमांक तो, जात ती, यंत्र वेगळं. आणि त्या कानपूरच्या लिबरेटरांचं काय? त्यांचा तर पंख एकाचा, धड दुसऱ्याचं. मग 'तेच हे' कशाला म्हणायचं? बौद्ध म्हणतील, काहीच 'तेच' नसतं, क्षणाक्षणाला बदलत जाणारा प्रवाह असतो आणि आपण सोयीसाठी त्याला एक नाव देतो. नैयायिक म्हणतील, नाही, ओळख खरी असते, मात्र ती नीट पडताळा. आम्हाला वाटतं, विमानाच्या बाबतीत बौद्धांशी जुळवून घेता येईल. माणसाच्या बाबतीत मात्र पडताळायला जायला हवं.

म्हणून आम्ही गेलो. तिघांपैकी एक आता नाही, तेव्हा दोघं. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो. ओळखीतून कळलं, की तो तिथे दरवर्षी येतो. भेट झाली. केस पिकलेले, पण डोळे तसेच बारीक करून बघणारे. आधी आम्हाला त्याने ओळखलंच नाही. मग 'दोन शेपट्या' म्हटल्यावर हसला.

आम्ही त्याला सगळं सांगितलं, कानपूर, पुणे, सहावी स्क्वाड्रन. तुझं कदाचित बरोबर होतं, असं म्हणालो. दोन फोटो दाखवले, एक लिबरेटरचा, एक कॉन्स्टेलेशनचा. त्याने चष्मा लावून दोन्ही बघितले आणि परत केले. म्हणाला, ही तर जमिनीवर उभी आहेत, मी पाहिलं ते चालत होतं. आता बोला! आयुष्यभर साक्षीपुरावा शिकवलेल्या माणसाला यापेक्षा प्रामाणिक साक्षीदार कुठे भेटणार? जे पाहिलं नाही त्याला तो हो म्हणेना.

आम्ही माफी मागितली. त्याला ती कशाबद्दल, हे नीटसं लागेना. वही त्याने कधी वाचलेली नव्हती, खोडलेल्या नोंदीचं त्याला सोयरसुतक नव्हतं. चहा पिताना थोडा वेळ गप्प बसला. मग अहिराणीत म्हणाला, "तुम्हीन माले दुर्बीण कधीच दिन्ही नही."

खरं होतं. तीन हिवाळे तो आमच्याशेजारी बसला, आणि आम्ही एकदाही दुर्बीण त्याच्या हातात दिली नाही. फुटेल म्हणून. वहीत आमच्या शेकडो नोंदी आहेत. ही गोष्ट त्यात कुठेच नाही. पन्नास वर्षं आम्ही आपली चूक म्हणून जी समजत होतो, ती त्याच्या लेखी चूकच नव्हती. त्याच्या मनात होती ती दुसरी, आणि ती आम्हाला ठाऊकही नव्हती.

ती दुर्बीण अजून आहे. एक भिंग धूसर झालंय. पुढच्या दत्तजयंतीला ती घेऊन गेलो. त्याने ती डोळ्याला लावली, यात्रेवरून फिरवली, वर आकाशाकडे नेली. वर काही नव्हतं. तरी बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, यातून तर कमी दिसतं.

मंडळी, वही आम्ही अजून जपली आहे. निळी रेघ पुसायचा मोह झाला होता, पण पुसली नाही. खोडलेलंही इतिहासाचाच भाग असतो. फक्त त्या ओळीपुढे, समासातल्या 'मोजण्यात चूक'च्या खाली, आता दुसऱ्या शाईने तारीख घालून एक शब्द लिहिला आहे : 'कोणाची?'

आणि सुरुवातीला आम्ही म्हटलं होतं, की 'आम्ही' म्हणजे तीन मुलं. ते दुरुस्त करून घ्या. पथारीवर बसणारे आम्ही चार होतो.

आज इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि तुमच्या घरात कोणी वडीलधारं असेल ज्याने शेतातून, गच्चीवरून, बोटीवरून एखादं जुनं विमान पाहिलं असेल, तर त्यांनी सांगितलेलं आज लिहून ठेवा, जसं सांगतील तसं. ते विमान तेव्हा होतं की नव्हतं, ते मागाहून बघू.